हिमस्खलन बीकन: सराव दिंडोरीच्या रानात, वापर गुलमर्गच्या बर्फात

गेल्या दिवाळीत तीन अँटेनांचा डिजिटल बीकन घेतला, म्हणजे हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला शोधायला अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र. फेब्रुवारीत गुलमर्गला स्प्लिटबोर्ड (चढताना उभे दोन भाग करता येणारा स्नोबोर्ड) घेऊन जायचं आणि वरच्या एका कोठ्यात, म्हणजे गुराख्यांच्या झोपडीत, मुक्काम करायचा बेत होता. आता पावसाळा लागलाय आणि मधल्या काळात बीकन भरपूर हाताळून झालाय. नाशिकसारख्या बिनबर्फाच्या गावात राहून बर्फात जायची ओढ असलेल्यांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितोय.

सगळे आधुनिक बीकन 457 किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे एका कंपनीचा बीकन दुसऱ्या कंपनीच्या बीकनला सापडतो. चालताना तो सेंडवर असतो, म्हणजे सतत सिग्नल सोडत राहतो. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापला सर्चवर, म्हणजे तो सिग्नल पकडण्यावर, टाकायचा आणि पडद्यावरचा दिशेचा बाण व मीटरमधल्या अंतराचा आकडा बघत पुढे सरकायचं. गाडलेला माणूस पहिल्या दहाएक मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे श्वास कोंडून ती झपाट्यानं घसरते. एवढ्या वेळात खालून मदत येणं जवळपास अशक्यच. जे काही करायचं ते सोबतच्यांनीच. म्हणून मी या यंत्राकडे हात बसवायची वस्तू म्हणून बघतो. नुसतं विकत घेऊन भागत नाही.

आणि हात नाशिकमध्येही बसतो! मित्राचं दिंडोरीकडे द्राक्षाचं रान आहे. सुरुवात बागेतच केली, पण आकडे उड्या मारत होते. मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल सिग्नल बिघडवतात, हे लगेच लक्षात आलं. मग शेजारच्या मोकळ्या रानात गेलो. एकानं सेंडवरचा बीकन जुन्या सॅकमध्ये घालून सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगांपैकी एकात पुरायचा, दुसऱ्यानं पाठ फिरवून उभं राहायचं आणि मग शोधायचं. मित्राचे वडील बांधावरून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “काय रे पोरांनो, सोनं पुरलंय का?” सगळं समजावून सांगितल्यावर काका स्वतः बीकन पुरायला लागले, आणि तेही अशा ठिकाणी की आमचा घाम निघायचा.

तिथे शिकलेली मुख्य गोष्ट म्हणजे बाण सरळ नेत नाही. चुंबकीय क्षेत्राच्या रेषा वाकड्या असल्यामुळे तो वळसा घालून नेतो. आकडा कमी होत असेल तर बाणामागे जायचं, वाढत असेल तर उलट फिरायचं. आकडा 3 च्या आसपास आला की पळणं बंद. बीकन जमिनीलगत आणायचा, अजिबात न फिरवता हळूहळू आडवा-उभा सरकवायचा आणि सगळ्यात लहान आकडा जिथे दिसेल तिथून प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब घडीची काठी) टोचायला घ्यायची, साधारण 25 सेंटीमीटरवर गोल वाढवत. प्रोब लागली की उपसायची नाही, ती तशीच ठेवून फावडं काढायचं. भुसकटात प्रोब सहज जाते, त्यामुळे या भागाचा सरावही नीट होतो.

गुलमर्गला गंडोला (रोपवे) अफरवट डोंगराच्या बाजूला जवळपास 4,000 मीटरपर्यंत नेतो. बर्फावरच्या गस्तीपथकाच्या हद्दीबाहेर पडलं की बॅककंट्री, म्हणजे देखरेख नसलेला डोंगर, सुरू. आमचा गाइड रोज सकाळी प्रत्येकाचा बीकन सेंड आणि सर्च दोन्हींवर तपासूनच पुढे सोडायचा. चढताना बोर्डचे दोन भाग, खाली स्किन, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या. मुक्काम गुज्जरांच्या लाकूड-मातीच्या कोठ्यात, तो हिवाळ्यात रिकामा असतो. रात्री चुलीशी बीकन बंद, पहाटे दाराबाहेर पाय टाकण्याआधी चालू, हा नियम कुणी मोडला नाही. कोठ्याजवळ सराव केला तेव्हा बीकननं जागा पटकन दाखवली, वेळ खाल्ला तो खणण्यानं. घसरून थांबलेला बर्फ काँक्रीटसारखा घट्ट होतो, तेव्हा फावडं अ‍ॅल्युमिनियमचंच घ्या, आणि उताराच्या खालच्या बाजूनं खणत शिरा.

आता तक्रारी. सेंड-सर्चचं बटण जाड हातमोज्यात दाबताना त्रास होतो. पोलराइज्ड गॉगलमधून पडदा एका कोनात पार काळा दिसतो. आणीबाणीत हे परवडणारं नाही, त्यामुळे मी गॉगलची काच बदलली. पट्ट्याचं बकलही थंडीत ताठ होतं. बाकी अंतर, दिशा, एकापेक्षा जास्त गाडलेल्यांमध्ये सापडलेल्याला खूण करून पुढे जाणं, या बाबतीत यंत्रानं कधी दगा दिला नाही. सर्चवर असताना बराच वेळ हालचाल झाली नाही तर ते आपोआप सेंडवर जातं. शोधणाराच दुसऱ्या हिमस्खलनात सापडला तर याच सोयीमुळे तो इतरांना सापडू शकतो.

मोबाइल सेंडच्या वेळी किमान 20 आणि सर्चच्या वेळी 50 सेंटीमीटर लांब हवा. स्मार्ट घड्याळ, अ‍ॅक्शन कॅमेरा, बॅटरीवर तापणारे हातमोजे यांचाही त्रास होतो.

माझ्या बीकनला अल्कलाइन सेलच लागतात. रिचार्जेबल घातले तर टक्केवारी चुकीची दिसते. नाशिकच्या पावसाळ्यात सेल आत ठेवून कपाटात टाकू नका. सोबतच्या एकाच्या बीकनमध्ये सेल गळून पत्र्यांवर हिरवट थर चढला. मी जूनमध्येच सेल काढले आणि बीकन सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवलाय.

25-30 हजार घालवायचे नसतील तर भाड्यानं घ्या, पण तिथल्या तिथे दोन बीकन समोरासमोर धरून तपासा. सेंडवरचा हातात देऊन एकाला चाळीसएक पावलं लांब पाठवा. आकडा आणि बाण स्थिर नसतील, किंवा दुकानदार नवे सेल घालायला कां-कूं करत असेल, तर दुसरा मागा.