सी मधलं गेटऑप्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही शीतगृहांमध्ये तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं बसवतो. दर पाच मिनिटांना एक आकडा, असा महिनाभराचा डेटा एका बायनरी फाइलमध्ये साठतो. ती फाइल वाचून सीएसव्ही काढून देणारा सी मधला प्रोग्राम माझ्या गळ्यात आहे. एकूण पावणेदोन हजार ओळी. त्यात कमांड लाइनवरचे ऑप्शन (प्रोग्राम चालवताना नावापुढे लिहायच्या सूचना) वाचणारा भाग जेमतेम ऐंशी ओळींचा, तो आता गेटऑप्ट या तयार फंक्शनवर चालतो, पण गेल्या आठ महिन्यांत साइटवरून आलेले अर्धेअधिक फोन त्या ऐंशी ओळींपायी आले.

पुढे वाचताना गोंधळ नको म्हणून सांगतो: -ओ म्हणजे आउटपुट फाइल, -एन म्हणजे किती नोंदी हव्यात, -टी म्हणजे तापमानाची मर्यादा आणि -व्ही म्हणजे काय चाललंय ते बोलत राहा. कोडमध्ये अर्थातच रोमन अक्षरं आहेत.

गेटऑप्टच्या आधी माझं घरगुती जुगाड होतं. आर्गव्हीवर (कमांड लाइनवरच्या शब्दांची यादी) एक फॉर लूप आणि आत स्ट्रकंपची (दोन स्ट्रिंगची तुलना) शिडी. तीन ऑप्शन होते तोवर चाललं. मग कुणी -एन आणि ५० यांच्यात जागा न सोडता -एन५० लिहिलं, कुणी -व्हीएन एकत्र लिहिलं. बाकीच्या कमांडना हे चालतं, मग तुमच्याच प्रोग्रामला का चालत नाही, हा प्रश्न रास्तच होता. प्रत्येक तक्रारीला एक नवा इफ. शिवाय असल्या हाताने लिहिलेल्या लूपमध्ये काय लपलेलं असतं ते सांगता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुरक्षा कंपनी क्वालिसने लिनक्सवरच्या पीकेएक्झेक (दुसऱ्या युजरच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्राम) मधली चूक जाहीर केली, ती आठवून पाहा. तिथेही लूप १ पासून सुरू होत होता, कारण शून्याव्या जागी प्रोग्रामचं नाव असणारच असं गृहीत धरलेलं. आर्गसीच (शब्दांची संख्या) शून्य देऊन प्रोग्राम चालवला की तो आर्गव्हीच्या पलीकडे जाऊन एन्व्हायरनमेंट वाचायला लागायचा, आणि त्यातून साध्या युजरला थेट रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी युजरचा, अधिकार मिळायचा. २००९ पासून ती चूक तिथेच बसून होती. माझा प्रोग्राम कुणाला रूट करणार नव्हता, पण लूप माझाही १ पासूनच होता.

गेटऑप्ट हे जुनं प्रकरण आहे. १९८५ साली डॅलसच्या युनिफोरम परिषदेत एटी अँड टीने त्याचा सोर्स सगळ्यांसाठी खुला केला, पुढे ते पॉझिक्स या युनिक्सच्या मानकात आलं. वापर सोपा: ऑप्शनची अक्षरं एका स्ट्रिंगमध्ये द्यायची, ज्याला किंमत लागते त्याच्यापुढे कोलन. माझी स्ट्रिंग (पुढे -टी आल्यावर) होती ‘ओ:एन:टी:व्ही’. लूपमध्ये फंक्शन बोलवत राहायचं, दर खेपेला एक अक्षर मिळतं, किंमत ऑप्टआर्ग या व्हेरिएबलमध्ये येते, आणि ऑप्शन संपले की उणे एक. उरलेली फाइलनावं ऑप्टइंड या क्रमांकापासून पुढे. एका संध्याकाळी शिडी काढून टाकली. -एन५०, -एन ५०, -व्हीएन५० सगळं आपसूक चालायला लागलं, ‘--’ लिहिलं की पुढचं काहीही ऑप्शन मानायचं नाही हा नियमही फुकटात मिळाला. पहिला आठवडा मी खूश होतो.

मग प्रोग्राम रास्पबेरी पायवर (एआरएम प्रोसेसरचा छोटा संगणक) गेला. माझ्या लॅपटॉपवर लोण्यासारखा चालणारा प्रोग्राम तिथे काहीही न बोलता अडकला. टॉप (प्रोसेसरचा वापर दाखवणारी कमांड) लावून पाहिलं तर एक कोअर शंभर टक्के. फाइल वाचायलाच सुरुवात नाही. दुपारभर मी बायनरी वाचणाऱ्या कोडमध्ये शोधत होतो, एंडियन (बाइटांचा क्रम) वगैरे शंका घेत. शेवटी जीडीबी हा डीबगर लावला तेव्हा कळलं की प्रोग्राम ऑप्शनच्या लूपमधून बाहेरच पडत नाहीये. आणि मग ती ओळ दिसली: गेटऑप्टचं उत्तर मी ‘चार’ (कॅरॅक्टर, एका बाइटचा प्रकार) जातीच्या व्हेरिएबलमध्ये घेत होतो, ‘इंट’ (पूर्णांक) मध्ये नाही. इंटेलवर चार हा साइन्ड (उणे किंमत ठेवू शकणारा) असतो, म्हणून उणे एक हे उणे एकच राहतं. एआरएम लिनक्सवर चार अनसाइन्ड, तिथे उणे एकचे २५५ होतात, आणि २५५ कधीच उणे एक होत नाही. स्विचमध्ये डिफॉल्टला नुसता ब्रेक होता, त्यामुळे चक्र अखंड. गेटचारचं (एक अक्षर वाचणारं फंक्शन) उत्तर इंटमध्ये घ्या हे कॉलेजात घोकलेलं, परीक्षेत लिहिलेलं. पण इथे अक्षरं परत येतात म्हटल्यावर हात आपोआप चारकडे गेला. गेटऑप्टला दोष देता येत नाही, मॅन पेजमध्ये इंट स्पष्ट लिहिलंय. तरी ज्याच्याकडे दोन्ही जातींची मशीन आहेत त्याने हा भाग पहिल्याच दिवशी दोन्हीवर चालवून पाहावा.

आता माझ्या मते सगळ्यात मजेशीर भाग. सुरुवातीला तापमानाची मर्यादा मी ऑप्शनशिवाय, फाइलनावानंतर घेत होतो. द्राक्षांच्या खोलीला ० दिलं, चाललं. गोठवलेल्या मटाराच्या खोलीसाठी -१८ दिलं, तर उत्तर आलं की ‘१’ नावाचा ऑप्शन मला माहीत नाही. बरोबरच आहे, डॅशने सुरू होणारा शब्द तो ऑप्शनच समजणार. म्हणून -टी हा नवा ऑप्शन घातला. ‘-टी -१८’ लिहिलं की बिनतक्रार चालतं, कारण ज्याला किंमत लागते असा ऑप्शन पुढचा शब्द डोळे मिटून उचलतो. त्यात डॅश आहे की नाही हे बघतच नाही. वा, म्हटलं, छान सोय आहे.

तीन आठवड्यांनी साइटवरून फोन: रिपोर्ट निघत नाही, आणि फोल्डरमध्ये एक विचित्र फाइल आहे, ती पुसताही येत नाही. ऑपरेटरने लिहिलं होतं ‘-ओ -व्ही’ आणि पुढे डेटा फाइल. आउटपुटचं नाव टाकायचं राहून गेलं. -ओ ने डोळे मिटून पुढचा शब्द उचलला आणि ‘-व्ही’ नावाची फाइल तयार केली. रिपोर्ट त्यात सुखरूप होता! आता ती पुसायला त्याने आरएम (फाइल पुसायची कमांड) -व्ही म्हटलं, तर आरएमला वाटलं हा ऑप्शनच आहे, आणि पुसायचं काय ते सांगितलंच नाही म्हणून तक्रार. कारण आरएमही याच वळणाचं. शेवटी फोनवर ‘आरएम, जागा, दोन डॅश, जागा, डॅश व्ही’ असं अक्षर-अक्षर सांगून ती काढली. नशीब त्याने चिडून आरएम आणि चांदणी असं नाही केलं. शेलने चांदणीच्या जागी सगळ्या फाइलनावांची यादी घातली असती, ‘-व्ही’ ऑप्शन झाला असता, आणि बाकी सगळ्या डेटा फाइली एकेक नाव सांगत पुसल्या गेल्या असत्या.

म्हणजे -टी ला जे औषध, तेच -ओ ला दुखणं. गेटऑप्टला दोन्हीतला फरक कळायचं कारण नाही, तो त्याला सांगायची जागाही नाही. तो मलाच करावा लागला: -ओ ची किंमत डॅशने सुरू होत असेल तर नाकारायची, फक्त एकटा डॅश चालेल, त्याचा अर्थ पडद्यावर दाखव. खरंच कुणाला डॅशवाल्या नावाची फाइल हवी असेल तर पुढे टिंब-स्लॅश लावा.

आकड्यांचीही तीच गत. गेटऑप्ट देतं ती स्ट्रिंग, आकडा तुम्ही करायचा. मी आळसाने एटोआय हे साधं फंक्शन वापरलं होतं. एका साइटवर कमांडांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायची, कुणीतरी ती मराठी कीबोर्डवर टाइप केली, आणि -एन पुढे ५० हा आकडा देवनागरीत गेला. एटोआयला देवनागरी अंक वाचता येत नाहीत, आणि वाचता न आल्याचं ते सांगतही नाही, गुपचूप शून्य देतं. माझ्याकडे शून्याचा अर्थ ‘सगळ्या नोंदी’. पन्नास ओळींच्या जागी महिन्याचा पूर्ण डेटा प्रिंटरवर गेला. आता स्ट्रटोल हे जास्त काटेकोर फंक्शन वापरतो, शेवटचा पॉइंटर स्ट्रिंगच्या टोकाला पोहोचला की नाही आणि एर्नो हा एरर-क्रमांक काय म्हणतो ते दोन्ही पाहतो. त्याच यादीने आणखी एक प्रताप केला. फोनच्या कीबोर्डने दोन डॅश जोडून एक लांब रेघ केली होती. ‘—फ्रॉम’ मधली ती रेघ म्हणजे यूटीएफ-८ चे तीन बाइट, त्यातला एकही डॅशचा नाही. गेटऑप्टने तो शब्द मुकाट्याने फाइलनाव म्हणून पुढे दिला आणि प्रोग्राम म्हणाला, अशी फाइल नाही. टर्मिनलवर ती रेघ आणि दोन डॅश जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे फोटो मागवूनही मला काही कळलं नव्हतं. आता फाइलनाव त्या तीन बाइटांनी सुरू होत असेल तर वेगळा संदेश देतो. कुरूप आहे, पण फोन थांबले.

एव्हाना ‘फ्रॉम’ वरून लक्षात आलं असेल की मधल्या काळात मी गेटऑप्ट_लाँगवर (लांब नावाचे ऑप्शनही वाचणारं भावंड) गेलो. तारखांसाठी एका अक्षराचे ऑप्शन पुरेनात. दुसरं कारण मॅक. लिनक्सवरच्या ग्नूच्या जीलिबसी या सी लायब्ररीमधलं गेटऑप्ट फाइलनावं मागे सरकवून नंतर आलेले ऑप्शनही उचलतं, मॅकवरचं साधं गेटऑप्ट पहिल्या फाइलनावापाशीच थांबतं. सहकाऱ्याच्या मॅकवर शेवटी लिहिलेला -व्ही फाइल समजला जायचा. गेटऑप्ट_लाँग दोन्हीकडे सरकवतं, त्यामुळे तो प्रश्न मिटला. (नको असेल तर स्ट्रिंगच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह लावायचं.) मांडणी म्हणजे स्ट्रक्ट ऑप्शनचा तक्ता: नाव, किंमत लागते का, फ्लॅग, आणि परत काय द्यायचं. शेवटची ओळ सगळी शून्यांची हवी. मी ती विसरलो होतो आणि प्रोग्राम पंधरा दिवस छान चालला, कारण त्या काळात कुणी चुकीचं नाव टाइपच केलं नव्हतं.

ऐच्छिक किंमतीच्या नादी लागू नका. -व्ही ला हवा तर स्तर द्यावा म्हणून मी दोन कोलन लावले. त्याला चिकटून लिहिलेलं -व्ही२ कळतं, पण ‘-व्ही २’ मधला २ फाइलनाव होतो. आठवड्यात काढून टाकलं, आता -व्हीव्ही लिहिलं की मोजतो. टेस्टमध्ये एकाच प्रोसेसमध्ये दोनदा पार्स करत असाल तर मधे ऑप्टइंड परत लावा, नाहीतर दुसऱ्या खेपेला काहीच सापडत नाही. जीलिबसीवर तो शून्य केला की आतलं सगळं नव्याने सुरू होतं.

पर्याय पाहिले नाहीत असं नाही. आर्गपी ही जीलिबसीतली सोय मला मनापासून आवडली होती. ऑप्शनच्या शेजारीच मदतीचा मजकूर लिहायचा, --हेल्प आणि --युसेज आयते तयार. माझ्या हाताने लिहिलेल्या मदतीत आजही -टी चं वर्णन जुनं आहे, ते आर्गपीत झालं नसतं. पण आमचं बिल्ड अल्पाइनच्या (एक छोटं लिनक्स) कंटेनरमध्ये होतं, तिथे जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी आहे, आणि मसलमध्ये आर्गपी नाही. वेगळी लायब्ररी जोडता येते, ऐंशी ओळींसाठी ते करायची इच्छा झाली नाही. पॉप्ट या लायब्ररीचंही तेच, आरपीएम आणि आरसिंक ते वापरतात म्हणजे वाईट नसणार, पण आणखी एक अवलंबन नको होतं. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत गेटऑप्ट येतच नाही, आमच्या सुदैवाने तिकडचं काम मिंगडब्ल्यू या दुसऱ्या कंपायलरवर भागतं.

सगळ्यात ताजा घाव गेल्या महिन्यातला. गेटऑप्ट_लाँग लांब नावांची अर्धी रूपंही चालवून घेतं, दुसऱ्या कशाशी गल्लत होत नसेल तर. मला हे माहीत होतं, पण कुणी वापरत असेल असं वाटलं नव्हतं. मी --व्हर्जन नावाचा ऑप्शन घातला, रिलीज केला, घरी गेलो. सकाळी तीन साइटचे रात्रीचे रिपोर्ट गायब. तिथल्या क्रॉनच्या (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) स्क्रिप्टमध्ये कुणीतरी --व्हर्बोसच्या (-व्ही चं लांब नाव) जागी नुसतं ‘--व्हर’ लिहून ठेवलं होतं. इतके महिने ते बिनबोभाट चालत होतं. आता व्हर्बोस की व्हर्जन हे ठरेना, म्हणून प्रोग्रामने संदिग्ध म्हणून हात वर केले. त्याचं बरोबरच होतं.

स्क्रिप्टा कुणी लिहिल्या ते कुणाला आठवत नाही, आणि त्या यंत्रांवर लॉगिन मिळवायला तिथल्या माणसांना चार फोन करावे लागतात. पण पूर्ण जुळणारं नाव असेल तर संदिग्धतेचा प्रश्न येत नाही. म्हणून तक्त्यात ‘व्हर’ नावाची एक स्वतंत्र ओळ घातली, ती -व्ही देते. मदतीच्या मजकुरात तिचा उल्लेख नाही. शेजारी टिप्पणी लिहिलीय: तीन साइट यावर चालतात, हात लावू नका.