बोट गेली, बुकिंग नंबर तेवढा राहिला

"आपलाच माणूस आहे हो, निपाणीचा," असं आत्याने क्रूझच्या एजंटबद्दल सांगितलं आणि आम्ही तिथेच अर्धे फसलो. फॉर्मपासून बसच्या पाटीपर्यंत कन्नड वाचून कंटाळलेल्या बेळगावकराशी कुणी गोड मराठीत बोललं की आमचा हात आपोआप खिशात जातो. बोलण्यात तर तो पटाईत. आईला सारखं "काकू, काकू".

डिसेंबरात टिळकवाडीत स्वेटर घालून कुडकुडण्यापेक्षा मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ, आई धरून पाच जण, एकूण 1,85,000 रुपये. परवान्याचे आणि पोर्ट चार्जेसचे पैसे त्याने वेगळे मागितले, तेव्हाही शंका आली नाही. कारण लक्षद्वीपला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो, हे खरंच आहे. खऱ्यात खोटं मिसळायची कला त्याला साधली होती.

बरं, मी काही डोळे झाकून पैसे दिले नव्हते. बुकिंग नंबर आल्यावर क्रूझ कंपनीला फोन लावला. नावं, केबिन, तारीख, सगळं जुळलं. मग निर्धास्तपणे उरलेली रक्कम त्याच्या यूपीआयवर टाकली. नडलं ते इथे. नंबर खरा होता, पण बुकिंगवर मोबाईल आणि ईमेल त्याचा. त्याने जागा धरण्यापुरते पैसे भरले होते, बाकीचे भरलेच नाहीत. मुदत टळली, बुकिंग रद्द झालं आणि तो मेसेज गेला त्यालाच. आम्ही इकडे आईसाठी न घसरणारी चप्पल शोधत गणपत गल्ली पालथी घालत होतो.

रात्रभर स्लीपरमधून मुंबई, तिथून बॅलार्ड पियर. काउंटरवरच्या मुलीने नंबर दोनदा टाकून पाहिला, मग काही न बोलता स्क्रीन आमच्याकडे वळवली. मागे धाकटा "बोट कुठाय, बोट कुठाय" करत होता. आईच्या मांडीवर बोटीवरच्या लोकांना वाटायला घेतलेला कुंद्याचा डबा. त्याचा फोन अर्थातच बंद.

तेव्हा बुकिंगवर मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच घाला, पैसे थेट कंपनीला भरा, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा फोन करून विचारा. पैसे गेल्याचं कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम समोरच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येते. आमची जाऊन दोन महिने झाले होते. सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे पाहणाऱ्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागतील, असं एक जण म्हणाला. तसं काही नाही. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आम्ही बेळगावातच केली.

परवा आईला म्हटलं, तारीख पडली. ती म्हणाली, "बोटीची काय?"