पोटरीत चरबी की बैठकीत? व्हीलचेअरवर बसणाऱ्यांसाठी एक तुलना

माझा मणका डी१० ला, म्हणजे छातीच्या दहाव्या मणक्यापाशी मोडला, त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्या दोन वर्षांतच माझ्या पोटऱ्या एका हाताच्या पकडीत मावू लागल्या. गोव्यातल्या फोंड्याच्या घरी पाहुणे आले की आई काही न बोलता माझ्या पायांवर टॉवेल टाकायची. मायेनेच टाकायची, पण तो टॉवेल माझ्या मनाला फार लागायचा. म्हणून व्हीलचेअरवरचं कुणी मला विचारतं, "पायात चरबी भरून घेऊ का?", तेव्हा "चालता येत नाही तर पाय दिसायला कशाला हवेत" असं मी कधी म्हणत नाही. इच्छा रास्त आहे. ती कशाने पुरी होते आणि त्यासाठी काय मोजावं लागतं, तेवढं मात्र नीट बघायला हवं.

सर्वांत आधी एक गुंता सोडवून घ्या. आमच्यासारखे लोक चरबी भरण्याचा विचार दोन वेगळ्या कारणांनी करतात. एक म्हणजे पोटरी-मांडी भरलेली दिसावी. दुसरं म्हणजे बैठकीच्या हाडांवर मांस उरलेलं नसतं, बेडसोर म्हणजे दाबाने जखमा होतात, तर तिथे चरबीची उशी तयार व्हावी. दोन्हीकडे पद्धत एकच, म्हणून एका खर्चात दोन्ही होईल असं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्याचा विचार जरूर करा, दुसऱ्याच्या नादी आज तरी लागू नका.

पद्धत अशी. पोट किंवा मांडीत सलाईन, बधिर करणारं औषध आणि रक्तस्राव कमी करणारं ॲड्रिनलिन सोडतात आणि नळीने चरबी ओढून घेतात, यालाच लायपोसक्शन म्हणतात. तिच्यातलं पाणी, रक्त आणि तेल वेगळं काढतात. उरलेली चरबी बोथट नळीने बारीक थेंबांत नव्या जागी पेरतात. पेरणं हाच शब्द योग्य, कारण आजूबाजूच्या मांसातून रक्त मिळालं तरच तो थेंब जगतो. साधारण ३० ते ७० टक्के चरबी टिकते, आणि आपल्या वाट्याला किती आली ते तीन ते सहा महिन्यांनी कळतं. बाकीची शरीर शोषून घेतं, कधी कुठे कडक गाठ राहते. पुढे वजन वाढलं-घटलं की ही चरबीही वाढते-घटते.

"पोट कमी होईल आणि पाय भरतील" ही आशा मीही धरली होती. पण आमचं पोट पुढे येतं ते बरंचसं पोटाच्या स्नायूंचा ताबा गेल्यामुळे आणि आतड्यांभोवती साठलेल्या चरबीमुळे. लायपोसक्शनची नळी पोचते ती फक्त कातडीखालच्या चरबीपर्यंत. पोट होतं तसंच पुढे राहू शकतं. ओटीपोटातून लघवीची नळी काढलेली असेल किंवा पायांना आपोआप येणाऱ्या झटक्यांच्या औषधाचा पंप पोटात बसवलेला असेल, तर तिथून चरबी काढायची की नाही हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

आता पोटऱ्यांकडे. इथे तीन वाटा आहेत: चरबी, सिलिकॉनचं इम्प्लांट आणि विजेच्या झटक्यांनी स्नायू वाढवणं.

इम्प्लांटचा आकार पहिल्या दिवसापासून ठरलेला आणि कायमचा असतो, हा त्याचा मोठा गुण. तरीही मी ते नको म्हणेन. संवेदना नसलेल्या पायात परकी वस्तू सरकली, कातडीला आतून टोचली किंवा तिथे पू झाला, तर दुखून कळणार नाही. ताप येईल, झटके वाढतील, तेव्हा शोध सुरू होईल. शिवाय व्हीलचेअरचा पोटरीमागचा पट्टा नेमका त्याच जागेवर येतो. चरबी बिघडली तर बहुतेक वेळा विरघळून जाते, इम्प्लांट बिघडलं तर पुन्हा चिरून काढावं लागतं.

विजेच्या झटक्यांचं गणित वेगळं आहे. तुमचे पाय ताठ होत असतील, झटके येत असतील, तर इजेखालची मज्जातंतूंची वाट बहुधा शाबूत असते. मग इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशनने, विशेषतः त्यावर चालणाऱ्या सायकलने, खरा स्नायू वाढू शकतो आणि त्या स्नायूबरोबर रक्तपुरवठाही सुधारतो. पाय पूर्ण लुळे असतील, म्हणजे इजा पाठीच्या अगदी खालच्या भागात असेल, तर साध्या मशीनचा उपयोग होत नाही. म्हणून सर्जनकडे जाण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून ही एक तपासणी करून घ्याच. अट एवढीच की आठवड्यातून बरेच दिवस, महिनोन् महिने करावं लागतं, आणि थांबलं की स्नायू पुन्हा आटतो. हाडं फार ठिसूळ झालेली असली तर सायकलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

चरबी या दोन्हींच्या मधे येते. पोटरीची कातडी घट्ट, जागा थोडी, त्यामुळे एका वेळी फार भरता येत नाही. बहुतेकांना दुसऱ्यांदा भरून घ्यावी लागते. पाय सुजलेला असेल तर आधी डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करून रक्ताची गुठळी नाही ना ते बघायलाच हवं. आम्हाला तो धोका एरवीही असतो आणि शस्त्रक्रियेने वाढतो. ज्या भागातून चरबी काढली तिथे नंतर घट्ट कपडा घालतात. त्या कपड्याची एक सुरकुती, एक शिवण, आणि ज्याला कळत नाही अशा कातडीवर रात्रीत जखम. सकाळ-संध्याकाळ आरशाने बघणारं माणूस घरात नसेल तर थांबा.

बैठकीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे माणसं फसतात.

पेरलेल्या चरबीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला दिवस-आठवडे लागतात. तेवढ्या काळात तिच्यावर दाब आला तर ती मरते. म्हणून चालणाऱ्या माणसालाही नितंबात चरबी भरल्यावर दोन ते सहा आठवडे थेट बसू देत नाहीत. तो उभा राहील, चालेल, ऑफिसलाही जाईल. आपण काय करणार? सहा आठवडे पोटावर किंवा कुशीवर. जेवण, लघवीची नळी, शौच, सगळं तसंच. कुशीवर नितंबाच्या बाजूच्या हाडावर दाब येतो आणि नवा बेडसोर तिथे होतो. आणि सहा आठवड्यांनी बसलात की दिवसाला आठ-दहा तास तीच चरबी हाड आणि गादी यांच्यामधे दाबली जाणार. बेडसोर टाळण्याचा सिद्ध उपाय म्हणून ही शस्त्रक्रिया अजून मान्य झालेली नाही.

दुसरी बाजू जिवाची. नितंबातल्या मोठ्या शिरांत चरबी शिरली तर ती थेट हृदय आणि फुप्फुसात जाते. २०१७ मध्ये सौंदर्यशल्यचिकित्सकांच्या अमेरिकेतल्या एका गटाने केलेल्या पाहणीत या शस्त्रक्रियेतल्या मृत्यूचं प्रमाण साधारण ३,००० मागे एक असावं असा अंदाज आला. त्यानंतर स्नायूत चरबी सोडायचीच नाही, फक्त कातडीखाली सोडायची असा दंडक सांगितला गेला आणि पुढच्या पाहण्यांत धोका कमी दिसला. आमच्या बैठकीत कातडी आणि हाड यांच्यात जागाच किती? तुम्हीच हाताने चाचपून बघा.

बेडसोर खोल गेलेला असेल तर त्याला वेगळी शस्त्रक्रिया आहे. शेजारचं मांस-कातडी रक्तवाहिन्यांसकट सरकवून जखम झाकतात, त्याला फ्लॅप म्हणतात. तीही आठवडे झोपवून ठेवते, पण ती गरजेची असते. जखम नसेल तर चांगली गादी घ्या. हवेच्या कप्प्यांची असेल तर बसल्यावर हाडाखाली हात घाला: हाड आणि तळ यांच्यात अर्धा ते एक इंच अंतर हवं. दर पंधरा-तीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा कुशीला कलून दाब काढा.

भुलीबद्दल एक अनुभव. मी पहिल्यांदा गेले त्या क्लिनिकात सांगितलं गेलं, "तुम्हाला कळतच नाही, मग भूल कशाला?" मी तिथूनच परतले. इजा डी६ किंवा त्याच्या वर असेल, तर खाली दुखतं ते मेंदूला कळत नसलं तरी शरीराला कळतं: रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकतं, तोंडावर घाम फुटतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात आणि तो जिवावर बेतू शकतो. मान किंवा छातीच्या वरच्या भागातल्या इजेत नेहमीचा वरचा रक्तदाब बहुधा ९० ते ११० असतो, त्यामुळे १३० हा आकडा दुसऱ्याला साधा आणि अशा माणसाला धोक्याचा. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी वेगळी भेट मागा. आमच्या बाबतीत सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध का टाळतात, हे त्यांना माहीत आहे ना ते विचारा. विचारायला लाजू नका.

गोव्यात जायचं कुठे? माझा सल्ला, आधी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) प्लास्टिक सर्जरी विभागात दाखवा, खाजगीत करायचं ठरलं असलं तरी. तिथे बेडसोर रोज बघणारी माणसं आहेत, ती तुमच्या कातडीबद्दल खरं सांगतील. खाजगीत गेलात तर प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. पदवी, अतिदक्षता विभाग असलेलं हॉस्पिटल आणि दुसऱ्यांदा भरण्याचा खर्च, तिन्ही लेखी घ्या. मुंबईला स्वस्त पडतं म्हणून जाणाऱ्यांनी परतीच्या कोकण रेल्वेचा विचार करावा: बैठकीत चरबी भरली असेल तर बसायचं नाही, मग मडगावपर्यंत कसं येणार?

पैशांचं सांगायचं तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कवच असलं, तरी ते ठरलेल्या यादीतल्या उपचारांना. दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यात धरू नका. खाजगी विमाही सौंदर्यशस्त्रक्रिया वगळतो. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना किंवा तब्येतीचा थेट धोका दूर करायला गरजेची आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलेली शस्त्रक्रिया हाच काय तो अपवाद.

आणि ऋतू. जून ते सप्टेंबरात आपल्याकडे घाम वाळत नाही, घट्ट कपड्याखाली कातडी ओलीच राहते. चवथ (गणेशचतुर्थी) होऊ द्या, पाऊस जाऊ द्या, डिसेंबर-जानेवारी बरे.

   

मी शेवटी फक्त पोटऱ्या भरून घेतल्या, जानेवारीत, लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) स्वच्छ आल्यावरच. सहा महिन्यांनी डावीकडे बरी टिकली, उजवीकडे निम्मीही नाही. दुसऱ्यांदा मी भरून घेतली नाही. गुडघ्याखाली येणारा निळा फ्रॉक घालून मी यंदा चवथीला गणपतीच्या माटोळीसमोर (वर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीसमोर) बसले होते, आणि आईने टॉवेल आणला नाही.