स्विफ्ट की बलेनो? आम्ही शेवटी काय घेतलं
इंदूरला दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालवून बघितल्या. स्विफ्ट हातात एकदम हलकी, राजवाड्याच्या गर्दीत कशीही वळवा, लांबी 3860 मिमीच आहे, मला तर खरं सांगतो तीच हवी होती. पण आईला दोन्हीत मागे बसवून उज्जैन रोडवर थोडं लांब नेलं तेव्हा फरक कळला, बलेनोचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2520 मिमी आणि स्विफ्टचा 2450, हे 70 मिमी कागदावर काहीच वाटत नाहीत हो, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाय जरा सैल सोडता येतात. डिकीपण 318 लिटर, स्विफ्टची 265. बलेनोचं इंजिन चार सिलिंडरचं, नव्या स्विफ्टचं तीन, त्यामुळे सिग्नलला बलेनो शांत वाटते. बहुतेक एकट्यानेच चालवणार असाल तर स्विफ्टच घ्या, मजा येते. आम्ही बलेनो बुक केली, आई जाम खूश आहे.