घाटावर जाताना बॅगेत कुठलं तेल टाकायचं?

भाची सोलापूरला शिकायला गेली आणि दिवाळीत रत्नागिरीला आली ती डोक्यावर केरसुणी घेऊनच. आता परत जाताना विचारतेय, मावशी खोबरेल नेऊ की तिळाचं, की मैत्रिणी सांगतात ते एरंडेल? मी स्वतः चार वर्षं तिकडे काढलीयेत त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे.

मुळात एक लक्षात घ्या, आपल्याकडे हवाच ओली, केस चिकट होतात ही तक्रार, सुके पडतात ही नाही (हिवाळ्यात पहाटे मतलई वारा सुटला की टाचा फुटतात तेवढंच). तिकडे उलट, हवा केसातलं पाणी ओढून घेते, त्यात बोअरचं जड पाणी, बादलीला पांढरा थर बसतो तसाच केसावरही बसतो. आणि तेल केसात पाणी घालत नाही हो, असलेलं पाणी उडायला वेळ लावतं, एवढंच त्याचं काम. म्हणून तेल कोरड्या केसाला चोपडण्यापेक्षा धुतल्यावर केस दमट असताना दोन-तीन थेंब तळव्यावर चोळून फक्त टोकांना लावायचं. मला हे कळायला दोन वर्षं गेली.

खोबरेल की तिळाचं? मी खोबरेलच म्हणेन, आणि ते कोकणातली आहे म्हणून नाही. त्यातलं लॉरिक ॲसिड बारीक आणि सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं, बाकीची बरीच तेलं वरच राहतात. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल ताडून बघितलं होतं, त्यात केसातलं प्रोटीन वाया जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. म्हणून न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल, ह्यात माझा काही वाद नाही. अडचण एकच, २४ अंशाच्या खाली ते थिजतं, आणि डिसेंबरात हॉस्टेलच्या खोलीत बाटलीतून काढायला चमचा लागतो. तिळाचं थिजत नाही, पण वास सगळ्यांना चालत नाही. हिवाळ्यापुरतं दोन्ही मिसळून नेलं तरी चालेल.

एरंडेल एकट्याने नकोच. इतकं घट्ट असतं की लांब केस असतील तर गुंता बसून कात्री लावायची वेळ येऊ शकते, आणि धुवायला शाम्पू दोनदा लागतो म्हणजे पुन्हा सुकेपणा आलाच. फार हौस असेल तर तीन भाग खोबरेलात एक भाग. केस उगवतात वगैरे मी तरी धरून चालत नाही.

कोरफड, ह्याच्यात सगळे फसतात. इथे परसात पान तोडून गर लावला की केस मऊ लागतात, पण गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, तिकडच्या हवेत ते अर्ध्या तासात उडून जातं आणि केस कडक होतात. लावायचा तर वीस मिनिटं, मग धुवायचं, वर थेंबभर तेल. आणि पान कापल्यावर पिवळा चीक आधी निथळू दे, नाहीतर डोकं खाजतं. त्यापेक्षा जास्वंदीची पानं चुरून निघणारा बुळबुळीत रस चांगला, केस सोडवायला त्याच्यासारखं काही नाही, पण सोलापूरच्या हॉस्टेलात जास्वंद कुठून आणणार? तिथे भिजवलेल्या मेथीचं बुळबुळीत पाणी तेच काम करतं, वास मात्र दिवसभर येतो, रूममेटला आधी विचार.

धुवायला शिकेकाई की रिठा? शिकेकाई. रिठा चांगला फेसाळतो पण तेल पार खरडून काढतो, कोरड्या हवेत ते परवडत नाही. शिकेकाईचा एक फायदा म्हणजे जड पाण्यातही साबणासारखी साय धरत नाही, फक्त उकळून गाळून घ्यायची, पूड थेट लावली तर कण अडकतात आणि डोळ्यात गेली तर आई आठवते. आठवड्यातून दोनदा पुरे. कोंडा झाला असेल तर मात्र टाळूला तेल थापू नकोस, कोंड्याची बुरशी त्यावरच जगते, आधी कोंड्याचं बघ.

शेवटी बॅगेत घातलं काय तर अर्धा लिटर घाण्याचं खोबरेल, शिकेकाईच्या शेंगा, पावशेर मेथी आणि आजीकडचा मुठेलाचा (कोकमाच्या बियांच्या थिजलेल्या तेलाचा) एक गोळा. मुठेल आपण टाचांना लावतो पण फाटलेल्या टोकांना नखाएवढं चोळलं तर वारा लागत नाही. मे महिन्यात तिकडे पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा गोळा कपड्यांच्या कप्प्यात ठेवू नकोस, माझी एक पांढरी ओढणी त्याच्यात गेलीय.