ऊन-सावलीची काच की दोन चष्मे?

नवा नंबर निघाला की चष्म्याच्या काउंटरवर प्रश्न येतोच, "काच साधी टाकायची की फोटोक्रोमॅटिक?" म्हणजे उन्हात आपोआप काळी होणारी आणि सावलीत पुन्हा पांढरी होणारी. मागोमाग विक्रेता छोट्या जांभळ्या टॉर्चचा झोत काचेवर मारतो, तिथे करडा ठिपका उमटतो आणि आपण भुलतो. मीही भुललो होतो. त्याआधी बरीच वर्षं साधा चष्मा आणि नंबरचा गॉगल अशी जोडी वापरली होती, म्हणजे दोन्ही संसार करून झालेत.

टॉर्चच्या त्या खेळात एक गोष्ट दिसत नाही. काच काळी व्हायला अर्धं-एक मिनिट पुरतं, पण पुन्हा स्वच्छ व्हायला काही मिनिटं लागतात. सवय करायची ती या परतीच्या वेळेची. उन्हातून जिन्यात शिरलात की पहिल्या पायऱ्या चाचपडत चढाव्या लागतात. कुणाच्या घरी गेलात तर यजमान तुमच्या काळ्या काचांकडे बघत "बसा" म्हणतात. सुरुवातीचे आठ-दहा दिवस मी दारात चष्मा काढून हातात धरायचो. नंबर जास्त असेल तर तीही सोय नाही. पुढे आपोआप पाऊल जपून पडू लागतं आणि मग या गोष्टीची आठवणही राहत नाही. फोटोत मात्र अजूनही मी सावलीत काळा चष्मा घालून उभा असतो.

दोन चष्म्यांचा त्रास वेगळा. गॉगल नेमका हवा तेव्हा घरी असतो. बरोबर असलाच तर बाजारातल्या पाच दुकानांसाठी दहा वेळा अदलाबदल. सतत आत-बाहेर करणाऱ्याला, वस्तू विसरणाऱ्याला आणि शाळकरी मुलांना फोटोक्रोमॅटिकच बरी. शिवाय काच पांढरी दिसत असतानाही अतिनील किरण अडतात. अर्थात साध्या काचेवरही तसं कोटिंग मिळतं, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी ही काच घ्यायची गरज नाही.

आता गाडी. इथे फोटोक्रोमॅटिक जवळजवळ हरते, आणि बहुतेकांची निराशा इथेच होते. काच काळी होते ती उजेडाने नव्हे, अतिनील किरणांनी. आणि गाडीची समोरची काच तेच किरण मोठ्या प्रमाणात अडवते. परिणामी डोळ्यांवर ऊन येत असूनही चष्मा ढिम्म. हेल्मेटची पारदर्शक व्हायझर खाली ओढली तरी बहुधा हेच होतं. दृश्य उजेडालाही दाद देणाऱ्या, गाडीत थोड्या गडद होणाऱ्या खास काचा मिळतात, पण त्यांच्यात घरातही हलकी छटा उरते. रात्री गाडी चालवणाऱ्याने त्या विचार करूनच घ्याव्यात. मावळतीचा सूर्य समोर असताना तर उघड्यावरही साध्या फोटोक्रोमॅटिकची मदत तोकडी पडते, कारण त्या वेळी चकाकी भरपूर आणि अतिनील किरण कमी. उलट ढगाळ दिवशी ढगांतून ते किरण बऱ्यापैकी येतात आणि गरज नसताना काच करडी होऊन बसते!

उन्हाळ्यातली गंमत आणखी निराळी. प्लॅस्टिकच्या काचेतल्या रंगद्रव्याचे रेणू अतिनील किरणांनी रूप बदलतात आणि उजेड शोषू लागतात. उष्णता त्यांना पुन्हा मूळ रूपात ढकलते. दोघांची ही ओढाताण सतत चालू असते. म्हणून कडाक्याच्या थंडीत काच अगदी गडद होते आणि उजळायला वेळ घेते, तर रणरणत्या दुपारी, जेव्हा खरी गरज, तेव्हा ती हात आखडता घेते. नंबरचा गॉगल ऋतू बघत नाही. तो पोलराइज्ड घेतला तर ओल्या रस्त्यावरची, पाण्यावरची चकाकीही कापली जाते. साध्या फोटोक्रोमॅटिकला ते जमत नाही. मात्र पोलराइज्ड काचेतून मोबाइलचा पडदा विशिष्ट कोनात काळा दिसू शकतो, याची तयारी ठेवा.

टिकण्याचं म्हणाल तर प्लॅस्टिकच्या फोटोक्रोमॅटिक काचेचा जोर दोन-तीन वर्षांत ओसरायला लागतो: पूर्वीइतकी काळी होत नाही, किंवा पिवळसर झाक राहते. नंबर तितक्याच काळात बदलत असेल तर हा तोटा जाणवतही नाही. नंबर वर्षानुवर्षं स्थिर असलेल्याने मात्र हिशेबात धरावा. एकच काच फुटली तरी दोन्ही बदललेल्या बऱ्या, नाहीतर उन्हात एक डोळा गडद आणि दुसरा फिका.

कॉर्निंग कंपनीने १९६०च्या दशकात आणलेल्या जुन्या फोटोक्रोमॅटिक भिंगांची गोष्ट वेगळी होती. ती खऱ्या काचेची, आत चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक. जड, पण रंग बदलण्याचा गुण दीर्घकाळ टिकवणारी. मायनस नंबर मोठा असेल तर कडेला जाड भिंग जास्त काळं आणि मध्ये फिकं दिसायचं. आज प्लॅस्टिकच्या अनेक भिंगांवर रंगद्रव्याचा पातळ थर पृष्ठभागापाशी असतो, त्यामुळे छटा एकसारखी येते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी "तसली काच नको" म्हटलं तर ते बहुधा त्या जुन्या भिंगांबद्दल बोलत असतात.

क्लिप-ऑनचा, म्हणजे साध्या चष्म्यावर अडकवायच्या गडद काचांचा, तिसरा पर्याय स्वस्तात सुटतो, पण काचेवर ओरखडे पाडतो. मला तो कधी पटला नाही.

ठरवताना एकच करा: दुकानातली नमुन्याची काच घेऊन दोन मिनिटं खऱ्या उन्हात उभे राहा, मग आत येऊन ती पुरती उजळेपर्यंत घड्याळ लावा. ती मिनिटं दिवसातून किती वेळा सोसावी लागतील, हे तुमचं तुम्हाला माहीत. माझ्यापुरतं म्हणाल तर रोज नाकावर फोटोक्रोमॅटिक असते, आणि जुना नंबरचा गॉगल गाडीच्या कप्प्यात कायमचा मुक्कामाला आहे.