जर्मेनियमचे अस्सल डायोड-ट्रान्झिस्टर पाहिजेत? इंदुरात इथे जा

इंदुरात कोणी जुना ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त करत असेल तर महारानी रोडच्या आतल्या गल्लीत पार्ट्सचं एक जुनं दुकान आहे, आधी तिथे जा. मामांच्या रेडिओचा डिटेक्टर डायोड (रेडिओलहरीतून आवाज वेगळा काढणारा) आणि आउटपुटची, म्हणजे स्पीकर वाजवणारी, एसी 128 ह्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरची जोडी गेली होती, आणि ऑनलाइन "जर्मेनियम" (सिलिकॉनसारखंच एक अर्धवाहक मूलद्रव्य) म्हणून मागवलेले डायोड मीटरवर 0.6 व्होल्ट दाखवत होते, म्हणजे सरळ सिलिकॉन! डिटेक्टरला जर्मेनियमच पाहिजे हो, तो 0.2-0.3 व्होल्टलाच कंडक्ट व्हायला लागतो, सिलिकॉन टाकला की लांबची स्टेशनं एकतर येतच नाहीत नाहीतर फाटकी येतात.

दुकानातल्या काकांनी डबीतून काचेचा डायोड काढून ट्यूबलाइटसमोर धरला, आत केसासारखी तार जर्मेनियमच्या तुकड्याला टेकलेली स्पष्ट दिसत होती. "ये देखो भिया, असली माल." मग एसी 128 घेतला, बेस, म्हणजे कंट्रोलचा पाय, मोकळा ठेवून काट्याच्या मीटरला लावला आणि वरचं पत्र्याचं टोपण नुसतं चिमटीत धरलं, तर काटा हळूहळू सरकायला लागला. बोटांच्या उबेनंच लीकेज, म्हणजे बंद असतानाही झिरपणारा करंट, वाढतं, सिलिकॉनचा असता तर काटा जागचा हलला नसता. बेल लॅब्समधला 1947 चा पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचाच, पण ह्या उष्णतेच्या खोडीमुळेही पुढे सिलिकॉननं बाजी मारली, आणि आता जर्मेनियम जातं फायबर ऑप्टिकच्या काचेत आणि थर्मल कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये. त्यामुळे असे ट्रान्झिस्टर मिळतात ते बहुतेक जुन्या स्टॉकमधलेच, म्हणून तपासून देणारा माणूस फार मोलाचा.

जोडी पण त्यांनी गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) आणि लीकेज मोजून जुळवून दिली. जास्त लीकेजवाले बाजूला काढले, मी मागत होतो तरी विकले नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. आता आवाज असा मोकळा आणि गोड येतोय की काय सांगू!

दर ऑनलाइनपेक्षा थोडा जास्त आहे पण माल पाहता योग्य वाटला. पक्कं बिल मिळत नाही, गाडी लावायला जागा नाही, आणि संध्याकाळी इतकी गर्दी असते की टेस्टिंगला कोणाला वेळच नसतो, तेव्हा दुकान उघडल्या उघडल्या जा. जुना पार्ट सोबत न्या म्हणजे नंबर जुळवता येतो, आणि घरी सोल्डर करताना डायोडचा पाय काचेजवळ पक्कडीत धरा, जास्त तापला की तो गेलाच समजा.